उघडी ठेवलेली ओळ

आधीच सांगते, माझं अक्षर वाचण्यासारखं नाही. चौथीपर्यंत शिकले, त्यातही वेचणीच्या दिवसांत शाळा बुडायची. ऱ्हस्व-दीर्घ कधी नीट कळलं नाही. ओळ सरळ सुरू केली तरी पानाच्या कडेला जाईपर्यंत ती खाली उतरते. कुणाच्या हाती हे पडलंच तर त्यानं माफ करावं. तसं कुणी वाचावं म्हणून लिहीत नाही. मला बोलणं जमत नाही, चार माणसांत तर नाव विचारलं तरी हळूच सांगते. म्हणून जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या बाजूला लिहिते आहे.

यंदा कापूस उशिरा फुटला. आता सकाळी दव पडतं आणि ते वाळेपर्यंत रानात हात घालता येत नाही, ओला कापूस पिवळा पडतो. तोवर बांधावर उन्हाला बसायचं. नेकनूरच्या रस्त्यानं कापसाचे टेम्पो जातात आणि बाभळीच्या काट्यांना पांढरे पुंजके अडकून राहतात. शाळेच्या पोरी दुकानातले स्वेटर घालून जातात, निळे. दोन धुण्यांत त्यांच्यावर बारीक गोळे येतात. ते गोळे दिसले की माझी बोटं शिवशिवतात, आणि मग ती थंडी आठवते. दर वर्षी आठवतेच, पण यंदा जास्त. माझी करुणा बाळंतपणाला आली आहे आणि आतल्या खोलीत तिचं बाळ झोपलं आहे. त्या थंडीत करुणा माझ्या पोटात होती.

तेव्हा आमचं घर एकत्र होतं. सासरे, त्यांना मी मामा म्हणायची. थोरले दीर आणि त्यांची बायको, म्हणजे माझ्या जाऊबाई, त्यांना मी आक्का म्हणते. आणि आम्ही दोघं. घरात मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस भरलेला. भाव चढेल म्हणून आमच्या यांनी तो विकू दिला नव्हता. कापसाशेजारी झोपलं की थंडी वाजत नाही, हे खरं. पण तो जसजसा जुना होतो तसतशी अंगाला खाज सुटते. आम्ही सगळे त्या थंडीत खाजवत होतो. मामा म्हणायचे, "पांढरं सोनं म्हनत्यात याला. सोन्यानं बी असंच खाजत असंल का?"

मामांची सगळी उमर जिनिंगमध्ये गेली होती. सरकी वेगळी काढून रुईच्या गाठी बांधतात, तिथं. येता-जाता कापसाची चिमूट घ्यायची, दोन्ही अंगठ्यांत धरून हळूहळू ओढायची, तंतू एका रेषेत आणायचे आणि उजेडाकडे धरायचे, ही त्यांची सवय. लांब तंतू असला की त्यांचा चेहरा बघत राहावा असा व्हायचा. लहानपणी शाळेत त्यांना टकळी शिकवली होती. म्हातारपणी ती पुन्हा हातात आली. उन्हाला बसून ते पिंजलेल्या कापसाच्या पेळूतून धागा काढायचे आणि टकळी मांडीवर घासून गरकन सोडायचे. पौर्णिमेला विहारात जाताना अंगावर पांढरा सदरा, त्याच्या खिशात पण टकळी.

आक्कांचे वडील परळीला नोकरीला होते. तिथल्या वसाहतीत शेजारच्या एका बाईंकडून त्या सुयांवरचं विणकाम शिकल्या होत्या. लग्नात बाकी फार काही आणलं नव्हतं, पण सुयांची जोडी आणली होती. मला पहिला धडा त्यांनी माझ्या नवऱ्याच्या बनियनवर दिला. वाळत घातलेलं बनियन ओढून म्हणाल्या, "हे बघ सुले, हे ताणतंय. धोतर ताणतंय का?"

मी मान हलवली.

"धोतर मागाचं हाय. उभा धागा आन् आडवा धागा. एकमेकाला धरून बसल्यात, हलायला जागा न्हाई. हे बनियन तसलं न्हाई. ह्यात एकच धागा हाय, आन् तो सोताच्याच गळ्यात गळा घालीत गेलाय. नीट बघ, फासे दिसतील."

मी डोळ्याजवळ नेऊन बघितलं. खरंच, बारीक फासे होते, एकातून दुसरा, दुसऱ्यातून तिसरा. इतकी वर्षं ते बनियन धूत होते, आणि दिसलं नव्हतं.

"म्हणून हे अंगाबरोबर वाढतंय," आक्का म्हणाल्या. "पण एक फासा तुटला का खालपर्यंत शिडी पडती. जे लवकर मायेला लागतंय ते लवकर उसवतंय बी."

त्या बोलता बोलता सहज बोलून गेल्या. मला मात्र ते पुढं फार दिवस पुरलं.

येणाऱ्या बाळासाठी स्वेटर करायचा असं आक्कांच्या मनात आलं आणि मामांच्या कानावर गेलं. मामा चिडले. "घरात आढ्याला लागून कापूस पडलाय आन् बाजारातनं लोकर आनायची? कावून?"

"मामा, कापसाचा स्वेटर ऱ्हात न्हाई अंगावर. लोंबतोय. लोकरीत सोताचा जीव असतोय, ताणली तरी माघारी येती. कापूस गेला का गेला."

"तू मला कापूस सांगती? आदी माझ्यासाठी कर. मग बघू."

कापूस पिकवणाऱ्या घरातलंच हे वेड. दुसऱ्या कुणाला सुचलं नसतं. मामांनी सूत काढलं, आक्कांनी विणायला घेतलं. पहिला तुकडा तिरका गेला. सरळ टाके घातले तरी कापड एका अंगाला वळत होतं, चौकोनाची कड मधोमध येत होती. आक्कांनी तो उसवला. एकट्या धाग्याला जास्त पीळ असला की तो आपल्याच अंगानं कापडाला ओढून नेतो, असं त्या म्हणाल्या. मग दोन धागे एकत्र घेऊन त्यांना उलट्या बाजूनं पीळ दिला. मी एक टोक धरून उभी, आक्का टकळी फिरवत. दोन धाग्यांचे पीळ एकमेकांत जिरले आणि सूत गप झालं. हातात धरलं तर वळवळ नाही. नंतर दोघा भावांचं वाजलं तेव्हा मला ते सूत आठवायचं. पण माणसांना उलटा पीळ कुणी द्यायचा?

मामांची बंडी झाली. छान दिसली. मामा ती घालून पारापर्यंत जाऊन आले. मग ती धुतली, आणि दोरीवर वाळत घातली तर पाण्याच्या भारानं ती खाली खाली येऊ लागली. दोन दिवस वाळलीच नाही. वाळली तेव्हा मामांच्या गुडघ्यावर आली.

थोरले दीर म्हणाले, "बाबा, आता खाली काय घालू नका. भागतंय एवढ्यात."

मामांनी खाली बघितलं, आणि ते हसायला लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला. आक्का पदर तोंडाला लावून, आमचे हे भिंतीला टेकून, मी पोट धरून. त्या घरात आम्ही सगळे मिळून हसलो ते तेव्हाचं. नंतरचं मला आठवत नाही.

मग आक्का मला घेऊन बीडला गेल्या, लोकर आणायला. वेचणीला जाऊन त्यांनी स्वतःचे पैसे जमवले होते. दुकानदारानं लडी पुढं टाकली आणि म्हणाला, "असली आहे, एकदम असली." आक्कांनी लडीच्या टोकाचा धागा तोडला आणि काडीपेटी मागितली. दुकानदार बघतच राहिला. धागा पेटला, वितळला आणि टोकाला काळा टणक मणी झाला. आक्कांनी तो मणी माझ्या बोटांत दिला. फुटत नव्हता.

"हे प्लास्टिकचं भावंड हाय. दुसरी दाखवा."

दुकानदार हसला. "बाई, सगळे हीच नेतात. टिकायला चांगली. धुवा, आपटा, काही होत नाही."

"न्हेऊ द्या की. मला बाळाला घालायचंय."

शेवटी वरच्या फळीवरून एक धुळकट पुडा निघाला. त्यातला धागा पेटवला तर तो नीट पेटेचना. केस जळल्यासारखा वास आला आणि राख बोटांत चुरली. कापूस जळताना कागदाचा वास येतो, लोकर जळताना केसाचा, हे मी त्या दिवशी शिकले. आक्कांनी ती लोकर घेतली, फिकट पिवळ्या रंगाची, पिकल्या लिंबोळीसारखी. महाग होती. परतीच्या गाडीत त्यांनी ती मांडीवरून खाली ठेवली नाही.

त्या थंडीतल्या दुपारी मला अजून जशाच्या तशा दिसतात. ओट्यावरचं ऊन, आक्कांच्या सुयांचा टिकटिक आवाज, लोकरीचा गुंडा मांजराच्या भीतीनं पितळी तांब्यात घातलेला, तांब्यातून धागा वर येतोय. काठाला दोन सुलट दोन उलट, म्हणजे तो चुण्या घेऊन अंगाला बसतो. वर सगळं सुलट. माझे पाय सुजायचे, मी बघत बसायची. आक्का बोलायच्या, मी ऐकायची. माझ्यासारखीला असं कुणी भेटणं फार मोठं असतं. मला बोलावं लागत नव्हतं.

स्वेटर गळ्यापर्यंत आला आणि आक्का थांबल्या. टाके बंद केले नाहीत. मामांच्या सुताचा एक दोरा घेतला, सुईवरचे सगळे टाके त्यावर ओवले आणि दोऱ्याच्या टोकांना गाठ मारली.

"आसं कावून?" मी विचारलं.

"बाळ यायच्या आदी काई पुरं करू नये. आमच्या परळीच्या बाई आसंच करायच्या. शेवटची ओळ उघडी ठिवायची. बाळ आलं, रडलं, का मग बंद करायची. मी करीन. तू हात लावू नको."

हे असलं आपण मानत नाही, विहारात तर कुणी मानत नाही. पण मला ते आवडलं. उघड्या ओळीत कुणाची तरी वाट बघणं होतं.

मग कापसाचा भाव उतरला.

थोरले दीर म्हणत होते, आधीच विकायला पाहिजे होता. आमचे हे म्हणत होते, अजून थांबू. खाज वाढत गेली आणि बोलणंही. एका सकाळी दोघं ओट्यावर समोरासमोर उभे राहिले. मामा मध्ये पडले तर त्यांनाच बाजूला सारलं. त्या दिवशी कापसाची वाटणी झाली, मग भांड्यांची, मग बाजांची. सगळं संपलं असं वाटलं तेव्हा थोरले दीर आतून आले आणि म्हणाले, "लोकर ऱ्हायली की. ती बी माज्या बायकोच्या पैशाची हाय."

आमचे हे म्हणाले, "फेडू. पै न पै फेडू. तुमच्या लोकरीवर न्हाई निजणार माझं लेकरू."

आक्का दारात उभ्या होत्या. त्यांची मान खाली गेली. माझीही गेली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघू शकलो नाही. दुपारी टेम्पो आला आणि थोरले दीर आणि आक्का नांदूरघाटला गेले, तिथं दिरांचं काम होतं. आक्कांनी जाता जाता गाठोडं माझ्या हातात दिलं आणि एवढंच म्हणाल्या, "बाळ आल्यावर मी येते. तू बंद करू नको."

करुणा झाली. निरोप पाठवला. आक्का आल्या नाहीत. येऊ दिलं नसेल, मला कळत होतं. मी रोज गाठोडं सोडायची, स्वेटर बाळाशेजारी ठेवून बघायची आणि परत बांधायची. गळ्याशी ते उघडे टाके दोऱ्यावर रांगेनं बसलेले. एक ओळ राहिली होती. पण ती माझी नव्हती. थंडी संपली. पुढच्या थंडीला करुणा त्यात मावेना.

मामांनी एक दिवस आपली लोंबलेली बंडी आणून माझ्या पुढं टाकली. "घे, उसव. मला तसं बी लुगड्यावानी होतंय. काय तरी कर पोरीला."

मी उसवायला बसले. विणलेल्या कापडाची ही गंमत आहे, मागाचं कापड फाडलं तर चिंध्या होतात, हे उसवलं तर धागा जसाच्या तसा माघारी मिळतो. नुसता नागमोडी होतो, वाफाळत्या पाण्यात भिजवून लडी वजन बांधून टांगली की पुन्हा सरळ. आणि उसवताना दिसतं की तो कसा विणला होता. मी एकेक टाका सोडताना थांबून बघायची, इथून सुई गेली, इथून धागा आला. आक्कांचे हात मला उलटे दिसायचे. असं उसवता उसवता मी विणायला शिकले. त्या सुताचं करुणाला टोपडं झालं, ते उसवून मोज्यांची जोडी, ते उसवून पिशवी, मग लंगोटाच्या आतलं फडकं. आता ते तिच्या बाळाच्या डोक्याखाली आहे. मामा गेले, त्यांचं सूत अजून घरात फिरतं आहे.

लिंबोळी रंगाच्या स्वेटरला मात्र मी जपलं. कडुनिंबाचा पाला घालून, कापडात बांधून, पेटीच्या तळाशी. आधी दर थंडीला बाहेर काढायची. मग बघवेना म्हणून नुसतंच गाठोडं वरून चाचपायची.

मामा गेले तेव्हा आक्का आल्या होत्या. नंतर लग्नाकार्यात भेट व्हायची. "बरं हाय का?" "हाय." एवढंच. भावांचं आता जुनं झालं होतं, ते एका पंगतीला बसायचे. माझ्या ओठावर स्वेटर यायचा, आणि मांडवातली माणसं बघून परत जायचा. अशी वस्तू कुणाच्या हातानं पाठवायची? आणि काय निरोप सांगायचा? आमच्या यांना एकदा म्हटलं, लोकरीचे पैसे द्यायचे राहिलेत. ते म्हणाले, "मागतील तवा देऊ." कुणी मागितले नाहीत. मी बाळांचे सेट विणून बीडच्या दुकानाला देते, त्याच प्लास्टिकच्या भावंडाचे, कारण लोकांना धुवायला सोपं पाहिजे. त्या पैशातून लोकरीचे बाजूला काढून ठेवलेले होते. कधीचे.

करुणाचं बाळ रडलं आणि मला वाटलं, आता नाही तर कधीच नाही. मागच्या आठवड्यात मी एकटी गाडीत बसले आणि नांदूरघाटला गेले. गाठोडं मांडीवर, न सोडलेलं. ते आक्कांनीच सोडावं असं मनात होतं.

थोरले दीर अंगणात बाजेवर बसले होते. नजर कमी झाली आहे.

"जयभीम दादा."

"जयभीम. कोन? सुला व्हय? एकटीच आलीस? ये ये. आगं, बाहेर ये, कोन आलंय बघ."

आक्का आल्या. केस पांढरे, बोटांचे सांधे जाड झालेले. मला धरून आत नेलं. बाळाचं विचारलं. मी गाठोडं पुढं ठेवलं. मला वाटलं, बघताच ओळखतील.

"काय आणलंस गं?"

"उघडून बघा की."

त्यांनी गाठ सोडली. कडुनिंबाचा पाला भुकटी झालेला, तो मांडीवर सांडला. मग स्वेटर उचलला, आणि तो हातात धरवेना. कसर लागली होती. पाठीला चाळणी, बाह्या कुरतडलेल्या. खरी लोकर होती म्हणून किड्यांनी खाल्ली. त्या मण्यावाल्या धाग्याला कुणी तोंड लावलं नसतं. गळ्याचा दोरा तेवढा धड होता, मामांच्या सुताचा. आक्कांनी तो उचलला तर तो सगळाच हातात आला. त्याच्यावर टाके नव्हते.

मी सांडलेला पाला गोळा करू लागले.

"शेवटची ओळ बंद कावून केली न्हाईस?" आक्का म्हणाल्या.

"तुमीच म्हणला होता. बाळ आल्यावर मी येते, तू बंद करू नको."

"मी?" त्यांनी मान वर केली. "मी म्हणले आसं?"

"टेम्पोत बसताना."

"न्हाई बाई आठवत. त्या दिवशी मी काय काय बोलले आसन, डोकं कुठं ठिकाणावर होतं." त्यांनी स्वेटर मांडीवर पसरला आणि भोकांवरून हात फिरवला. "येडी गं तू. एका ओळीचं काम. पोरीच्या अंगाला तरी लागलं असतं."

इतक्या थंड्या मी एक शब्द सांभाळला, आणि ज्यांचा तो शब्द होता त्यांच्याकडे तो नव्हताच. करुणा एक थंडी उबेत राहिली असती. आक्कांनी ओळ बंद केली असती का मी, बाळाला काय फरक पडला असता?

मग मी कनवटीचे पैसे काढून पुढं ठेवले. "लोकरीचे. दादा म्हणले होते."

आक्कांचा चेहरा बदलला. त्यांनी दाराकडे, बाजेकडे बघितलं. "हे ध्यानात हाय माझ्या," त्या हळू म्हणाल्या. "भांडी वाटली, बाजा वाटल्या, आन् शेवटाला बाळाची लोकर काढली. लई लाज वाटली गं. म्हणून तर तोंड दाखवायला आले न्हाई मी. मला कुणी अडवलं नव्हतं."

म्हणजे तेही मी चुकीचं धरून बसले होते.

"नको म्हणले तर तू आणखी झुरत बसशील," आक्का म्हणाल्या. "आण." त्यांनी नोटा मोजल्या, टाके मोजतात तशा, ओठ हलवत. "जास्त हायत."

"लोकर महाग झाली आता."

"तवा जेवढ्याची होती तेवढेच घेते." वरचे त्यांनी माझ्या हातात परत कोंबले. "हे बाळाच्या मुठीत दे."

आणि बाहेर बाजेकडे मोठ्यानं म्हणाल्या, "ऐकलं का, सुलानं लोकरीचे पैसे दिले."

"कसली लोकर?" थोरल्या दिरांनी विचारलं.

आक्कांनी माझ्याकडे बघितलं. नोटांची घडी अजून त्यांच्या हातात होती.

"काई न्हाई," त्या म्हणाल्या. "पुरते फिटले."